माहेरची मरळ आणि चंपाची बोटं

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चंपा राहते. मी तिची घरमालकीण. घरमालकिणीनं भाडेकरणीचं कौतुक लिहावं अशी रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी विमला, आणि मी रीतीभातींना किती जुमानते ते बंगळुरूच्या अख्ख्या जे. पी. नगराला माहीत आहे.

आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. त्यामुळे मी तोंडानं मराठी बोलते खरी, पण मध्येमध्ये कन्नड आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. चंपा खोली बघायला आली तेव्हा मी तिला म्हणाले, "स्वल्प थांब गं, किल्ली आणते, सरी?" म्हणजे जरा थांब, बरं का. तर ती तोंडाला पदर लावून हसत जिन्यातच बसली. चिकोडीकडची, कृष्णेकाठची बाई. कन्नड तिलाही येतं, पण तिकडे दोन्ही भाषा वेगवेगळ्या डब्यांत ठेवतात म्हणे. मी तेव्हाच ठरवलं, खोली हिलाच द्यायची. जी बाई माझ्या तोंडावर हसते ती पाठीमागं काही वेगळं बोलायची नाही.

तिचा नवरा दयानंद एका कारखान्यात लेथवर काम करतो. माणूस सरळ, कमी बोलणारा. घरातलं सगळं बोलणं चंपाच्या वाट्याला आलंय आणि ती ते आनंदानं करते. वर गच्ची आहे. तिथं पत्र्याची शेड टाकून तिनं रविवारचं माशांचं जेवण सुरू केलं. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव अशा गावांहून नोकरीला आलेली माणसं इथं पुष्कळ. आठवडाभर कँटीनचा पुलाव खाऊन त्यांचा जीव विटलेला असतो. रविवारी सकाळी फाटकावर "आज मासे" अशी पाटी लागली की दुपारी माझ्या जिन्यात चपलांचा ढीग. मी कुरकुर करायची आणि सगळ्यात आधी पानावर बसायची.

चंपाचं नाक हा आमच्या गल्लीतला मोठा विषय होता. बाजाराच्या रस्त्याला नागराजचं मासळीचं दुकान आहे. ती दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायची आणि आत न जाताच सांगायची, "नागराज अण्णा, डावीकडची टोपली कालची हाय." पहिल्यांदा तो चिडला. दुसऱ्यांदा गप्प बसला. पुढे पुढे तर ट्रक आला की तोच वाट बघायचा आणि ती दिसली की ओरडायचा, "अक्का बंदरु!" म्हणजे अक्का आल्या, आता खरं-खोटं कळेल. तिनं नाक मुरडलेली टोपली तो बाजूला करायचा. ती त्याला कधी चुकलेली सापडली नाही.

आणि ते नाक गेलं.

ताप आला, अंगदुखी झाली, ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते असं. मी खाली पेपर वाचत होते आणि जळकं खोबरं नाकाला झोंबलं. "अय्यो चंपा, खोबरं!" असं ओरडत मी वर धावले. बघते तर ती कढईसमोरच उभी. हातात उलथनं. खोबऱ्याचा कोळसा झालेला आणि ही त्याच्याकडे बघत उभी.

"धूर दिसला, अक्का," ती म्हणाली. "वास न्हाई आला."

मग ती रडली. मीही रडले. मला त्याची लाज वाटत नाही. ज्या बाईला पायरीवरून टोपली कळायची तिला नाकाखालचं जळलेलं कळू नये, हे बघवत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही, कदाचित येणारही नाही. फाटकावरची पाटी उतरली. दयानंद म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. लोकांच्या पोटाशी खेळ नको." त्याचं बोलणं बरोबर होतं, म्हणून तर चंपाचा संताप झाला. चुकीचं बोलला असता तर तिनं त्याला जागच्या जागी गप्प केलं असतं. आता काय बोलणार? माशाची पारख वासावर असते असं सगळेच म्हणतात. तीही म्हणायची.

काही दिवस ती नुसती बसून होती. मग एके दिवशी सकाळी खाली आली, हातात दोन बांगडे.

"अक्का, तुमचं नाक द्या."

"काय?"

"उसनं द्या. मला शिकायचंय."

तिचा बेत असा होता. नागराजकडच्या एकाच टोपलीतले, एकाच वेळचे दोन बांगडे. एक बर्फात, एक ताटात उघडा. अधूनमधून ती दोन्ही हातात घ्यायची, बघायची, दाबायची, डोळे मिटून चाचपायची आणि स्वतःशी काहीतरी ठरवायची. मग मी वास घ्यायचा आणि सांगायचं. माझं नाक काय सांगतं आणि तिची बोटं काय सांगतात, यांची ती जोडी लावत होती. पहिल्यांदा मी म्हणाले, "समुद्राचा वास." नंतर म्हणाले, "बाजाराचा वास." त्यानंतर, "भिजलेल्या चपलेचा वास." शेवटी म्हणाले, "आता मला खाली जाऊ दे." बर्फातला बांगडा मात्र तेव्हाही समुद्राच्याच वासाचा होता, आणि ताटातला मांजरीनंसुद्धा विचार करून मग सोडून दिला.

हा प्रकार पुष्कळ दिवस चालला. बांगडा झाला, सुरमई झाली, तळ्यातली रोहू झाली. माझे यजमान विचारायचे, "आज कुठल्या माशाच्या शेजारी बसायचंय?" मी म्हणायचे, मी चंपाचं भाड्यानं घेतलेलं नाक आहे, मला बोलावणं आलं की जावं लागतं.

त्यात मलाही कळायला लागलं, हे कबूल करते. ताज्या माशाचा डोळा वर आलेला असतो, स्वच्छ, पाणीदार. शिळ्याचा आत बसतो आणि दुधाळतो. कल्ला उघडला की आत लालभडक दिसला पाहिजे. तो तपकिरी, चिकट झाला की मासा गेला. काही ठिकाणी कल्ल्याला रंग लावतात, हे नागराजनंच सांगितलं. म्हणून चंपा पांढऱ्या फडक्यानं कल्ला पुसून बघायची. पोट फुटलेलं, मऊ पडलेलं नको. खवले घट्ट हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोट. ताज्या माशात बोट दाबून काढलं की खड्डा लगेच भरून येतो. शिळ्यात तो तसाच राहतो. तुकडा असेल तर मणक्याजवळ बघायचं. मांस हाडाला धरून आहे ना, तिथं तपकिरी डाग पडलाय का.

एकदा तिनं एका तुकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा गेला." मी वास घेतला. मला काहीच लागला नाही. म्हणाले, चांगला आहे की. ती हसली आणि तो बाजूला ठेवला. थोड्या वेळानं तोच तुकडा तिनं माझ्या नाकाशी धरला आणि मी मागे सरकले. त्या दिवशी चंपाचा चेहरा मी बघितला. तापानंतर पहिल्यांदा तो पूर्वीचा होता.

बर्फाचं तिला आधीच ठाऊक होतं, पण तेही शिकलेलंच. कृष्णाकाठच्या माणसांना बर्फाचं वावडं. नदीतून काढला, घरी नेला, कालवणात टाकला, असा मासा खाल्लेली ती माणसं. बर्फ लागलेला मासा म्हणजे मेलेला मासा, असं ती अभिमानानं सांगतात, जसा काही त्यांचा मासा ताटात जिवंत येतो. चंपाही इथं आली तेव्हा तसंच म्हणायची. पण बंगळुरूला समुद्र नाही आणि कृष्णाही नाही. इथं मासा येतो तो ट्रकमधून, आणि त्याचा जीव बर्फातच असतो. हे कळल्यावर तिनं थर्माकोलची पेटी आणली, तिच्या तळाला भोक पाडलं. खाली बर्फाचा चुरा, त्यावर साफ केलेला मासा, त्याच्या पोटातही बर्फ, वर पुन्हा बर्फ. वितळलेलं पाणी भोकातून वाहून गेलं पाहिजे. मासा त्या पाण्यात डुंबत राहिला की चव जाते आणि नासायलाही वेळ लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा तर धुऊन, फडक्यानं कोरडा करून, झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खाली आणि मागे, आणि तोही फार तर उद्यापर्यंत. "फ्रिज माशाला ताजं करत न्हाई, अक्का," ती म्हणायची. "निस्तं थांबवून धरतो."

मग एका रविवारी तिनं पाटी पुन्हा लावली. दयानंदला ते पटलेलं नव्हतं. चंपानं आम्हा दोघांना समोर बसवलं. नाकाचं कुणाला सांगायचं नाही असं बजावलं आणि म्हणाली, "ज्या दिवशी माझी बोटं चुकतील त्या दिवशी पाटी उतरवीन. ती पुन्हा लावायची न्हाई. मला कुणी सांगायला नको." मी तोंड बंद ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना कळेल, त्याला काय लागलं असेल.

आता माझ्या सुनेकडे वळते. हर्षिता, माझ्या सुमंतची बायको, चिकोडीकडचीच. तिला सातवा लागला आणि डोहाळे लागले ते मरळीचे. दुसरं काही नको. नदीची मरळ, लाल कालवणातली, चंपाच्या हातची. मी विचारलं, आंबा? नको. पेढा? नको. "आत्ती, मरळ," म्हणायची आणि डोळे मिटायची.

तिच्या माहेरी एक रीत आहे. ओटी भरणं गोडाधोडाचं होतं. दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण, आणि त्याला मासा माहेरचा लागतो. वडिलांनी आपल्या नदीचा आणायचा, आईनं आपल्या हातानं त्याला हळद लावायची आणि पहिला घास लेकीनं खायचा. त्याशिवाय डोहाळे पुरे झाले असं ती माणसं धरत नाहीत. शनिवारी ओटीचं आम्ही आमच्याच घरच्यांत उरकून घेतलं. हर्षिताचे आईवडील, कृष्णाबाई आणि रघुजी, रात्रीच्या बसनं मासा घेऊन रविवारी यायचे होते. रांधणार चंपा. तिनं त्या रविवारी गच्चीवरचं जेवण बंद ठेवलं.

शनिवारी दुपारी ती नागराजकडून दोन जिवंत मरळी घेऊन आली. साफ करून, डोकं मात्र तसंच ठेवून, बर्फाच्या पेटीत घातल्या. मी म्हणाले, "अगं, व्याही आणताहेत ना? तुला त्यांच्यावर भरवसा नाही?"

"माणसांवर हाय," ती म्हणाली. "बसवर न्हाई."

बस वाटेत बंद पडली. पहाटे यायची ती उन्हं चढल्यावर आली. रघुजी धोतर सावरत, घामाघूम होऊन आत आले. मोठा, मोकळा माणूस. गुळाचं गुऱ्हाळ चालवतात, बोलणं सगळं मोठ्यानं. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता. तो त्यांनी हॉलमधल्या टेबलावर ठेवला, जसा काही देव्हाऱ्यातला देव उतरवून ठेवावा. आमच्या शेजारच्या दोन बाया, सुमंत, दयानंद, सगळे भोवती जमले. हर्षिता खुर्चीत बसून डब्याकडे बघत होती.

"विहीणबाई, बगा!" रघुजी म्हणाले. "काल दुपारी जाळ्यात गावली. तिथंच कापली. हिनं हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण, चिंच सगळं लावून डब्यात घातली. आणि बर्फाचा खडासुद्धा लावला न्हाई! बसच्या खाली सामानात ठिवली, इथं काढली. एकदम ताजी!"

झाकण उघडलं. काय तो वास! आलं, लसूण, चिंचेचा आंबट झटका, घरच्या तिखटाचा ठसका. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शेजारणी म्हणाल्या, अहाहा. हर्षितानं डोळे मिटून लांब श्वास घेतला. चंपानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, म्हणजे चांगला आहे, चल. भाड्याचं नाक पास झालं.

चंपानं बोटानं एक तुकडा दाबला. मग दुसरा. मग हात घालून तळातला एक वर काढला आणि तोही दाबला. मी तिचा चेहरा वाचू शकते. तो बदलला.

"अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "ही मरळ हर्षिताच्या पानात जायची न्हाई."

माहेरचा मासा परत करणं म्हणजे माहेर परत करणं. कृष्णाबाईंचा हात पदराकडे गेला.

"का?" रघुजी म्हणाले. "काय झालं तिला?"

"गेलीय."

"गेलीय? वास घे की!" त्यांनी डबा उचलून तिच्या नाकाखाली धरला. "घे! कुठं गेलीय सांग!"

मला वाटलं, आता मी मध्ये पडावं, काहीतरी थाप मारावी. दयानंद जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली. चंपा डब्याकडे नाही, रघुजींच्या डोळ्यांकडे बघत होती.

"मला वास येत न्हाई, अण्णा," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तापात नाक गेलं माझं. परत आलं न्हाई."

शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. त्या दर रविवारी तिच्याकडे जेवतात. सुमंत माझ्याकडे बघायला लागला, आई तुला माहीत होतं? रघुजींचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला.

"नाक न्हाई, आणि माझ्या माशाला नावं ठिवतेस? विहीणबाई, तुम्ही सांगा. तुम्ही वास घेतला ना?"

काय सांगणार? मी घेतला होता. "मला तर चांगलाच लागला," मी म्हणाले, आणि मला स्वतःचाच राग आला.

"बघ!" रघुजी म्हणाले. "आणि एवढं करून उकळायचीच हाय की. उकळलं की सगळं मरतं."

"जंतू मरतील, अण्णा. त्यांनी रातभर त्यात जे करून ठिवलंय ते उकळून जात न्हाई. दुसऱ्या कुणाला घातली असती तरी मी न्हाई म्हटलं असतं. ही तर दोन जिवांची पोर हाय." मग ती माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. "अक्कांच्या नाकाला मसाला लागलाय. माझ्या बोटांना लागत न्हाई."

तिनं तळातला तुकडा घेतला आणि मोरीकडे गेली. आम्ही सगळे तिच्या मागे. नळाखाली धरून तिनं तो चोळून चोळून धुतला. हळद गेली, तिखट गेलं, आलं-लसूण वाहून गेलं. मग पांढऱ्या बशीत ठेवला. नुसता मासा, वर काही नाही. तिनं बोट दाबलं आणि उचललं. खड्डा तसाच राहिला. मणक्याजवळ अंगठा लावला तर मांस हाडापासून आपोआप सुटून आलं. हाडाशेजारी तपकिरी पट्टा होता.

मग तिनं बशी कृष्णाबाईंपुढे धरली. रघुजींपुढे नाही, हे मी नीट बघितलं. "वैनी, आता घ्या वास."

कृष्णाबाई वाकल्या आणि झटक्यात मागे झाल्या. "अगं बाई!" मग मी घेतला. मुतारीच्या भिंतीपाशी येतो तसला वास थेट डोक्यात गेला. मसाल्याखाली तो मघापासून तिथंच होता आणि मी मान डोलावली होती.

रघुजींनी बशी स्वतः हातात घेतली. जन्म नदीवर गेलेला माणूस. वास घेतला, बोट दाबलं, पुन्हा वास घेतला. खोटं बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"टाकून द्या," ते म्हणाले. "सगळी."

आणि खुर्चीत बसले. एवढा मोठा माणूस, पण बसला तो लहान होऊन. कृष्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पैल्यांदा आलो लेकीच्या डोहाळ्याला, आणि मोकळ्या हातानं," त्या म्हणाल्या. हर्षिता उठून आईला बिलगली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, इथं काहीतरी वाईट घडलंय.

चंपा वर गेली आणि पेटी घेऊन खाली आली. झाकण काढलं, बर्फ बाजूला सारला आणि एक मरळ दोन्ही हातांवर उचलून रघुजींपुढे धरली. त्यांनी बर्फाकडे बघून तोंड फिरवलं. सवय.

"आधी डोळा बगा, अण्णा."

त्यांनी बघितला. स्वच्छ, वर आलेला.

"कल्ला उघडा."

त्यांनी उघडला. आत लालभडक.

"दाबा आता."

त्यांनी अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा भरून आला. त्यांनी पुन्हा दाबलं, या वेळी जरा जोरात, जसं काही माशाशी भांडण काढायचं होतं. पुन्हा भरून आला.

"कालची हाय?" ते म्हणाले.

"कालची. तुमच्या मरळीच्याच वेळेला कापलेली. तुमची बसमधनं आली, ही बर्फातनं."

रघुजींनी मिशीवरून हात फिरवला. आणि हसले. आधी थोडं, मग मोठ्यानं. "आयला," ते म्हणाले, "आणि मी सगळ्या बसला सांगत आलो, बर्फ लावला न्हाई म्हणून!"

"पण ही माहेरची कुठं हाय?" कृष्णाबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या मनातून ते जाईना.

"वैनी, पिशवीत हळद आणलीय ना घरची?" चंपा म्हणाली. "लावा की तुमच्या हातानं. मासा नागराजच्या दुकानातला असंल. हात तर आईचा हाय." जरा थांबून पुढे म्हणाली, "निस्तं लावून बाहेर ठिवायची न्हाई. लावली की लगेच चुलीवर."

चंपानं मरळींचे तुकडे करून दिले आणि कृष्णाबाईंनी पदर खोचला. पिशवीतून हळदीची पुडी काढली, घरच्या मिठाची पुडी काढली आणि मोरीशेजारी बसून एकेका तुकड्याला अशी हळद लावली, जशी काही लेकीलाच न्हाऊमाखू घालत होत्या. चंपानं तोवर वर खोबरं भाजलं, कांदा भाजला. खोबरं कधी काढायचं हे ती आता रंगावर बघते आणि कढईत चमचा फिरवताना येणाऱ्या आवाजावर. एकदाही करपलं नाही. मी तिच्या शेजारी उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

हर्षितानं पहिला घास घेतला तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं डोळे मिटले, चावलं, गिळलं, आणि वाटी पुढे केली. पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. कृष्णाबाई पदरानं डोळे पुसत वाढत होत्या. रघुजी स्वतः तीन भाकऱ्या जेवले आणि प्रत्येक भाकरीला शेजारणींना सांगत होते, "हिला नाक न्हाई, बरं का! नाक न्हाई, आणि माझी मरळ पकडली!" जी गोष्ट आम्ही इतके दिवस जिवापाड लपवली ती त्या माणसानं एका जेवणात गल्लीभर केली.

मला धाकधूक होती. वास न येणाऱ्या बाईच्या हातचे मासे खायला कोण येणार? पुढच्या रविवारी सकाळी मी फाटकाशी गेले तर दयानंद स्टुलावर उभा होता. पाटी लावत होता. त्यानं ती कधी लावली नव्हती, ते काम चंपाचं. दुपारी जिन्यात चपला मावेनात. माणसं पानावर बसण्याआधी स्वयंपाकाच्या कट्ट्याजवळ जाऊन विचारत होती, "अक्का, बोट कसं लावायचं, आम्हालाही दाखवा की." नागराज दुकान बंद करून स्वतः आला. म्हणाला, मला आधी सांगितलं असतं तर मी टोपल्या जवळ आणून दिल्या असत्या. चंपा म्हणाली, मला जवळच्या नकोत, सगळ्या बघायच्या असतात.

आता नातीचा जन्म झालाय. बारशाला रघुजी आले ते याच घरी, आणि हातात थर्माकोलची पेटी. तळाला भोक पाडलेलं, बर्फ अजून अर्ध्याच्या वर. दर थांब्यावर उतरून नवा घातला म्हणे, आणि कंडक्टरशी भांडून पेटी पायाशी ठेवली. आत दोन मरळी, डोक्यासकट, मसाल्याचा ठिपकाही नाही. आल्या आल्या त्यांनी ती चंपापुढे ठेवली आणि परीक्षेला बसल्यासारखे उभे राहिले. चंपानं डोळा बघितला, कल्ला बघितला, बोट दाबलं. मी सवयीनं पुढे झाले, पेटीवर वाकले आणि नाक आत घातलं.

चंपानं मला हळूच बाजूला केलं.

"नाक ऱ्हाऊ दे, अक्का," ती म्हणाली. "ताट घेऊन या."